राहिलेली चाळीस पावले

मित्रांनो, मी एक जुना त्रिकोण आहे. लगेच वही मिटू नका, मी भूमितीतला नाही. माझ्या कोनांची बेरीज करायला बसाल तर फसाल, कारण माझा एक कोपरा मोडलेला आहे आणि तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. मी गाडीच्या डिकीत राहणारा लाल त्रिकोण. गाडी रस्त्यात बंद पडली की मला बाहेर काढतात, गाडीच्या मागे लांब नेतात आणि उभे करतात. मागून येणाऱ्यांनी मला पाहून समजून घ्यायचे, की पुढे कुणीतरी अडकले आहे, जरा जपून. बस, एवढेच माझे काम. पण हे एवढेसे काम एकदा चाळीस पावलांनी चुकले, आणि त्या चाळीस पावलांत काय काय मावले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका लांबट, गरम कारखान्यात झाला. लाल प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या, त्यांवर मधाच्या पोळ्यासारखे बारीक पैलू आणि खाली पोलादाचे चार पाय. माझ्याजवळ स्वतःचा उजेड काडीइतकाही नाही. पण कुणी माझ्यावर प्रकाश टाकला की तो मी जसाच्या तसा परत फेकतो, आणि तेव्हा मी इतका लालबुंद दिसतो की मलाच माझे कौतुक वाटते. कारखान्यातली शेवटची परीक्षा पंख्याची असे. एक चष्मेवाल्या बाई आम्हा प्रत्येकाला भल्यामोठ्या पंख्यासमोर उभे करीत. जो पडला तो बाद. मी पहिल्याच झोताला सपशेल आडवा झालो. झाले, संपले आपले, असे मला वाटले. पण बाईंनी मला उचलून नीट निरखले. माझा एक पाय वाकडा बसला होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून सरळ केला आणि मला पुन्हा उभे केले. या वेळी मी हललोसुद्धा नाही. त्या बाईंचे मी अजून उपकार मानतो. नापास झालेल्याकडे दुसऱ्यांदा बघणारी माणसे फार थोडी असतात.

मग एका दुकानात वायपर आणि पायपुसणी यांच्या मधल्या खिळ्यावर मी बरेच दिवस लोंबकळलो. तिथून मला मास्तरांनी नेले.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. उंच, काटकुळे, एका गुडघ्याला कायमचा पट्टा बांधलेला, खिशात दोन पेने आणि गळ्यात शिट्टी. त्यांच्या शाळेत वर्ग नव्हता, फळा नव्हता, एक पांढरी गाडी होती आणि त्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मास्तरांच्या. शिकणारा घाबरला की मास्तर गुपचूप आपला ब्रेक दाबायचे आणि वर म्हणायचे, "वा, छान थांबवलीत." असे मास्तर मला मिळाले, हे माझे भाग्यच.

मास्तरांचे एक वाक्य ठरलेले होते. गाडी चालवायला कुणीही शिकवेल, मी थांबायला शिकवतो. आणि थांबायचे म्हणजे कुठे थांबायचे नाही, हे आधी. ते सांगत, की मोठ्या वेगाच्या रस्त्यावर थांबायला मनाई असते. तिथे कडेला पांढऱ्या रेघेपलीकडे जी लेन मोकळी दिसते ती फक्त संकटात सापडलेल्यांसाठी असते. "ती लेन म्हणजे दवाखान्यातली रिकामी खाट," ते म्हणत. "रिकामी दिसली म्हणून कुणी तिच्यावर जाऊन लोळतं का?" मुले हसत, पण लक्षात ठेवत.

दर रविवारी सकाळी एका गोदामामागच्या मैदानावर माझा तास असे. मास्तर गाडी फाटकाजवळ उभी करत, डिकीतून मला काढत आणि शिकणाऱ्याच्या हातात देत. त्याने मला छातीपुढे धरून, मोठ्याने पावले मोजत, शंभर पावले चालायचे आणि मला उभे करून परत यायचे. एक आकडा गाळला तरी मास्तर शिट्टी मारून परत पहिल्यापासून मोजायला लावत. मी मोठ्या ऐटीत त्यांच्या छातीवरून मिरवत जाई.

फक्त एक अडचण होती. मैदान साठ पावलांतच संपत होते. तिथे गोदामाची भिंत होती.

"भिंतीला हात लावा आणि वळा," मास्तर सांगत. "उरलेली चाळीस मनात चाला."

यावर दर रविवारी हशा पिकायचा. एखादा वात्रट डोळे मिटून भिंतीपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, चाललो मास्तर, पोचलो, परत पण आलो. वर्षानुवर्षे इतक्या तळहातांनी ती भिंत शिवली, की छातीच्या उंचीवर तिचा रंग जाऊन एक काळपट, गुळगुळीत डाग पडला. मीही त्या हशात सामील होतो, मित्रांनो. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

त्याच मैदानावर ताई आल्या. वय बावन्न, शिवणकाम हा धंदा, तोंडात दोन टाचण्या धरून बोलायची सवय. शाळांचे गणवेश शिवून ते पोचवायला दर वेळी कुणाच्या तरी टेम्पोची मनधरणी करावी लागे, म्हणून त्या चिडून गाडी शिकायला आल्या. त्यांची मोठी बहीण, अक्का, त्यांच्याच घरात राहत. अक्कांची जीभ म्हणजे ताईंच्या कात्रीपेक्षा धारदार. त्या म्हणाल्या होत्या, की धाकटे, शिवणयंत्राचं पायडल आणि गाडीचं पायडल एकच वाटलं काय तुला? पण ताई हट्टी. त्या चाचणीत दोनदा नापास झाल्या आणि तिसऱ्यांदा पास. माझा धडा तर त्यांनी असा पाठ केला की साठावे पाऊल पडताच त्यांचा हात आपोआप भिंतीकडे पुढे होई. मास्तर इतरांना सांगत, ताईंसारखं चाला.

कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. पुढे पुढे मास्तरांचा गुडघा जास्त दुखू लागला, रविवारचा तास कधी होई कधी न होई. मी डिकीच्या तळाशी गेलो. माझ्यावर पाण्याचा कॅन आला, त्यावर जॅक, त्यावर तेलकट फडकी, त्यावर शिकाऊ गाडीला लावायच्या लाल अक्षराच्या जुन्या पाट्या. महिनोन्‌महिने मी उजेड पाहिला नाही. ज्याचे सगळे आयुष्य उजेड परत करण्यात, त्याला उजेडच मिळू नये, याचे दुःख कुणाला सांगणार?

आणि मग तो दिवस आला.

माळ्यावरची बॅग काढताना स्टुलावरून पडून अक्कांचा पाय मोडला होता. मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर. सहा आठवड्यांत त्यांनी ताईंच्या मापाच्या दोन लाकडी पट्ट्या खाज शमवण्यासाठी पळवल्या होत्या आणि त्यांतली एक आतच राहिली होती. त्या सकाळी अकरा वाजता, तासाभराच्या अंतरावरच्या मोठ्या दवाखान्यात प्लॅस्टर कापायचे होते. ताईंजवळ परवाना होता, गाडी नव्हती. मास्तर म्हणाले, माझी घ्या, मी शेजारी बसतो, वेगाच्या रस्त्यावर तुमची पहिलीच खेप आहे.

शेजारच्या दोघांनी अक्कांना उचलून मागच्या सीटवर सरकवले. पाठ रस्त्याकडच्या दाराला, प्लॅस्टरचा पाय सीटवर आडवा, कडेच्या दारापर्यंत लांब. हातात काठी. अशा थाटात आम्ही निघालो. हे सगळे मला डिकीतून फक्त ऐकू येत होते, पण ऐकण्यासारखे पुष्कळ होते.

पहिल्या दहा मिनिटांत अक्कांनी गाडी थांबवायला सांगितली, कारण पाण्याची बाटली सीटखाली घरंगळली होती. मास्तर म्हणाले, इथे थांबता येत नाही. मग पायाला मुंग्या आल्या म्हणून. मास्तर पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा अक्का म्हणाल्या, "मास्तर, संकट कशाला म्हणायचं ते एकदा कागदावर लिहून द्या. म्हणजे मी त्यातलंच एखादं आणत जाईन." ताई हसल्या, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. वाटेत एका कुटुंबाने त्याच कडेच्या लेनमध्ये गाडी लावून, चटई पसरून फराळ मांडला होता. कुणी फोटो काढत उभे होते. मास्तरांनी प्रत्येक वेळी नुसते चक्‌ चक्‌ केले.

रस्ता एका टेकडीला वळसा घालून पुढे सरळ झाला आणि त्याच क्षणी पुढून फट्‌ असा आवाज आला. रेडिएटरचा पाइप फुटला होता. बॉनेटखालून वाफेचा लोट उठून काच पांढरी झाली. ताईंच्या जागी दुसरे कुणी असते तर त्याने भर रस्त्यात ब्रेक मारला असता. ताईंनी चारही इंडिकेटर लावले, वेग कमी केला, कडेच्या लेनमध्ये आल्या आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे गाडी लोखंडी कठड्याच्या अगदी लगत आणून थांबवली. मास्तरांच्या पायाला ब्रेक दाबावाच लागला नाही.

"आता थांबलात," मागून अक्का म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही थांबलात."

कुणी हसले नाही. मास्तर म्हणाले की सगळ्यांनी लगेच उतरून कठड्यापलीकडे जायचे, गाडीत बसून राहायचे नाही. आणि तिथेच सगळे अडले. गाडी कठड्याला इतकी लगटून उभी होती की त्या बाजूची दारे वीतभरच उघडत होती. मास्तर काटकुळे, ते अंग चोरून बाहेर पडले. ताई गियरवरून सरकून त्यांच्यामागून निसटल्या. पण अक्कांचा लाकडासारखा ताठ पाय त्या फटीतून बाहेर येणे शक्यच नव्हते. आणि दुसरे दार उघडायचे म्हणजे वाहत्या रस्त्यावर उघडायचे. हातभर अंतरावरून मालाचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी अख्खी गाडी डुलत होती.

अक्का आतच राहिल्या. मित्रांनो, आता एकच गोष्ट महत्त्वाची होती. मदत येईपर्यंत मागून येणाऱ्या कुणाचाही धक्का त्या गाडीला लागता कामा नये. आणि ते काम माझे होते.

डिकी उघडली. जॅक, फडकी, पाट्या सगळे बाजूला फेकले गेले आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या अंगावर ऊन पडले. मास्तर मोबाइलवर मदत केंद्राला किलोमीटरच्या दगडावरचा आकडा ओरडून सांगत होते. त्यांनी खुणेने विचारले, तुम्ही जाता? ताई म्हणाल्या, मला पाठ आहे. मला छातीपुढे धरून त्या निघाल्या. एक, दोन, तीन. वाऱ्याचे सपाटे येत होते, त्यांचा पदर फडफडत होता, पण आकडा चुकला नाही. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. साठावर त्या थांबल्या. त्यांचा उजवा हात नकळत हवेत जरासा पुढे झाला. मग त्यांनी मला खाली ठेवले, पाय पसरले आणि वळून झपाझप परत निघाल्या.

मी उभा राहिलो आणि समोर पाहिले. समोर टेकडीचा वळसा होता.

मला काय वाटले ते कसे सांगू? मी वळणाच्या अलीकडे, गाडीच्याच बाजूला उभा होतो. पलीकडून येणाऱ्याला मी दिसतच नव्हतो. वळण संपले की त्याला मी दिसणार आणि माझ्यामागे लगेच गाडी. आणखी चाळीस पावले नेले असते तर मी वळणापलीकडे, सरळ रस्त्यावर आलो असतो, तिथून लांबवरच्यांना नजरेस पडलो असतो. मला ओरडावेसे वाटले, ताई, मोजा, पुन्हा मोजा. पण त्रिकोणाला तोंड कुठले?

पहिला ट्रक वळणातून बाहेर आला तोच कडेच्या रेघेवर चाके घेऊन. त्याने मला पाहिले, आणि ब्रेकचा असा आवाज झाला की टेकडीवरची पाखरे उडाली. ट्रकचा मागचा भाग हेलकावा खाऊन गाडीजवळून गेला. त्याच्या वाऱ्याने मी आडवा झालो. ताई धावत परतल्या. त्यांना वाटले, मी आधीच वाऱ्याने पडलो होतो म्हणून ट्रकवाल्याला दिसलो नाही. त्यांनी मला उभे केले, पायांवर दगड ठेवला आणि पुन्हा गाडीकडे गेल्या. मी पुन्हा त्याच जागी. पंख्यासमोर एकदा पडलो होतो तेव्हा बाद होण्याची भीती होती. आता मी ताठ उभा होतो, आणि तरी काही उपयोग नव्हता.

पुढचे बोलणे मी तिथे ऐकले नाही, पण नंतर अक्कांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की ते मला तोंडपाठ आहे. दुसऱ्या गाडीने तसाच कर्कश ब्रेक मारला तेव्हा मास्तरांनी फोन कानावरून खाली घेतला.

"ताई, किती पावलं मोजलीत?"

"शंभर. भिंतीपर्यंत."

बोलून गेल्यावर ताईंनाच ते ऐकू आले. भिंत? इथे कुठली भिंत? मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. ते कठड्याला धरून निघालेच होते, पण दोन पावलांत गुडघ्याने दगा दिला आणि ते खाली बसले. नऊ वर्षांचे सगळे रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असतील. ताई मात्र जागच्या हलेनात. बहिणीला सोडून पुन्हा लांब जायला त्यांचे पाय उचलत नव्हते.

अक्कांनी काठीने काच ठोठावली. "धाकटे, खरं सांग. किती राहिली?"

"चाळीस."

"मग जा की. मी कुठे पळून जाणार आहे?"

ताई धावल्या, या वेळी कठड्याच्या पलीकडून, गवतातून. माझ्याजवळ येताच त्यांनी कठड्यावरून वाकून दगड बाजूला ढकलला, मला ओढून घेतले आणि पुढे निघाल्या. मोठ्याने मोजत. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. काट्यांत चप्पल अडकली ती तिथेच राहिली. आता आमच्यामागे रस्त्यावर काहीच नव्हते, ना मी, ना दुसरी कुठली खूण. वळणाआड एक पांढरी गाडी, आणि तिच्यात अक्का.

एक्क्याण्णवव्या पावलाला मी ती मिनीबस पाहिली. लगतच्या लेनमध्ये ट्रकांची रांग होती, आणि ती रांग टाळून पुढे जायला ही बस कडेच्या लेनमध्ये घुसली होती. रिकामी खाट दिसली आणि हिने अंग टाकले. भरधाव, सरळ आमच्याकडे. वळण घेतले असते तर तिच्यासमोर फक्त अक्काच असत्या.

ताईंनी मला जमिनीवर ठेवले नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी कठड्याच्या वर उंच धरले, बसकडे तोंड करून. सकाळचे ऊन माझ्या अंगावर सरळ पडले आणि मी ते होते नव्हते तेवढे सगळे परत फेकले. आयुष्यात इतका लाल मी कधी झालो नव्हतो. ताई ओरडत होत्या, पण त्यांचा आवाज वाऱ्यात विरून जात होता. चालकाने पाहिले. बसचे नाक वळले. शेजारच्या ट्रकने भोंगा वाजवत जरा जागा दिली, आणि बस वेडीवाकडी होत त्या जागेत घुसली. तिचा झपाटा असा आला की ताई गवतात कोसळल्या. मी कठड्यावर आपटलो आणि माझा कोपरा मोडून पलीकडे उडाला.

बस वळणाआड गेली. त्या क्षणी आम्हाला गाडी दिसत नव्हती, मास्तर दिसत नव्हते. दिसत होती फक्त टेकडी. आम्ही एका आवाजाची वाट पाहत होतो. तो येऊ नये म्हणून मी माझे सगळे पैलू आवळून धरले होते. एक श्वास. दोन. तीन.

आवाज आला नाही. पण न येणे म्हणजे काय, हे कुणी सांगावे?

ताई उठल्या. एक पाय अनवाणी, कोपर खरचटलेले. त्यांनी गाडीच्या दिशेने पाहिले. कुणीही तिकडेच धावले असते, मित्रांनो. मी तर नक्कीच धावलो असतो. पण ताईंनी पाठ फिरवली आणि त्या पुढे चालू लागल्या. ब्याण्णव. त्र्याण्णव. आवाज चिरका, पण आकडा बरोबर. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर. तिथे रस्ता दूरवर सरळ दिसत होता. लांबून येणारी वाहने खेळण्यांसारखी वाटत होती. ताईंनी कठड्यावरून वाकून मला ठेवले, मोडक्या बाजूच्या पायाला मोठा दगड लावला आणि मला हलवून पाहिले. मी घट्ट उभा होतो.

तेवढ्यात वळणापलीकडून गाडीचा भोंगा वाजला. थांबून थांबून, तीनदा. मागच्या सीटवरून काठी पुढे करून अक्कांनी तो वाजवला होता. ताई तिथेच मटकन खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. मग नाक पुसून परत निघाल्या.

त्यानंतर माझ्यासमोरून शेकडो गाड्या गेल्या. प्रत्येकजण मला लांबून पाही, वेग कमी करी, आतल्या लेनमध्ये सरके. एकाचाही ब्रेक ओरडला नाही. वीस मिनिटांनी गस्तीची गाडी आली. त्या लोकांनी रस्त्याची एक लेन अडवली, मगच रस्त्याकडचे दार उघडले आणि चौघांनी मिळून अक्कांना बाहेर काढले. गस्तीचे साहेब मास्तरांना म्हणाले की त्रिकोण अगदी योग्य जागी लावलात, लोक इतके करत नाहीत. ते कौतुक ऐकून मास्तरांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

अक्कांचे प्लॅस्टर त्या दिवशी तीन तास उशिरा कापले गेले. आत ताईंची पट्टी सापडली. डॉक्टरांनी ती चिमट्याने धरून विचारले, हे काय? अक्का म्हणाल्या, संकट.

मास्तरांना गप्प बसता आले असते. कुणाला काही कळले नव्हते. शिवाय गावात त्यांच्याच रस्त्यावर गाडी शिकवणारी दुसरी एक शाळा होती, तिच्या मालकाला हसायला आयताच विषय मिळाला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी नऊ वर्षांच्या प्रवेशाच्या वह्या काढल्या. ताई आपले काम बाजूला ठेवून शेजारी बसल्या. मी टेबलावर होतो, मास्तर एका हाताने माझ्या मोडक्या कोपऱ्याला चिकटपट्टी गुंडाळत होते आणि दुसऱ्या हाताने आकडे दाबत होते. वह्यांत तीनशे अडुसष्ट नावे होती.

"मी मास्तर बोलतोय," ते प्रत्येकाला सांगत. "तुमचं शिकवणं चाळीस पावलं अपुरं राहिलंय. चूक माझी आहे. या, पूर्ण करून जा."

काहीजण हसले. एकाने विचारले, मास्तर, तब्येत बरी आहे ना? एकाला राग आला. पण बरेचजण आले. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या जुन्या रस्त्यावर मास्तरांनी आता माझा तास नेला आहे. तिथे भिंत नाही. मोठमोठी माणसे, केस पिकलेली, पोटे सुटलेली, मला छातीपुढे धरून आकडे मोजत चालतात. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, अंगावर काटाच येतो, साठावर जवळजवळ प्रत्येकाचे पाऊल अडते आणि हात आपोआप पुढे होतो. मास्तर शिट्टी मारत नाहीत. नुसते लांबून म्हणतात, "अजून आहे."

मी आता खऱ्या रस्त्यावर जात नाही. मोडक्या त्रिकोणाला तशी परवानगी नसते. डिकीत माझ्या जागी नवा आला आहे, चकचकीत, चारी पाय सरळ, आणि त्याच्यावर मास्तर काहीही ठेवू देत नाहीत. मला त्याचा हेवा वाटत नाही. खरे सांगायचे तर थोडासा वाटतो.

पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला आहे. त्या तीनशे अडुसष्टांपैकी सत्तावन्न जणांचे फोन लागलेच नाहीत. कुणाचा क्रमांक बदलला, कुणी गाव सोडले. ते सत्तावन्न जण आजही कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर आहेत. ते नीट गाडी चालवतात, आरशात बघतात, कडेची लेन मोकळी सोडतात, आणि त्यांच्या पायांत साठच पावले आहेत. त्यांतले कुणी तुमचे काका असतील, कुणी आत्या असेल, कुणी शाळेच्या व्हॅनवर असेल.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. आज घरी गेलात की गाडी चालवणाऱ्या मोठ्यांना विचारा, गाडी बंद पडली तर त्रिकोण किती लांब ठेवायचा? उत्तर बरोबर आले तरी तेवढ्यावर सोडू नका. त्यांना मोकळ्या जागी न्या आणि चालून दाखवायला सांगा. पावले तुम्ही मोजा, मोठ्याने. आणि साठावर त्यांचा हात पुढे झाला, तर तो हात धरा आणि त्यांना पुढे चालवत न्या.